चार महिन्यांचं बेट: खानापूर तालुक्यातल्या घराच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आज जागा बघून आलो. बेळगावातनं जांबोटी, तिथून कणकुंबीच्या रस्त्याला लागायचं आणि एका ठिकाणी आत वळायचं, पुढे निम्मा डांबरी निम्मा मातीचा रस्ता, मग एक ओढा, ओढ्यावर बुटकी फरशी, म्हणजे पाण्यालगतचा पूल, आणि पलीकडे गाव. तीस-पस्तीस घरं असतील. जागा २४ गुंठे, ओढ्याच्या काठाला लागून भाताचं खाचर, त्याच्या वर हळूहळू चढत जाणारा जांभ्याचा माळ, माळावर सात काजू आणि एक फणस. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, खालचे गोटे दिसत होते. यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले ते अर्धा तास उठलेच नाहीत. उद्यमबागेत मशीन शॉपला २३ वर्षं काढलीत, कानात सारखी लेथची घरघर, त्या माणसाला असं गप्प बसलेलं बघून मी मनात तिथंच घर बांधून टाकलं. पडवी ओढ्याकडे, पायरी उतरलं की पाणी.

शेजारच्या खाचरात एक मामी मसुरात काम करत होत्या. त्यांनी विचारलं, "कुटं बांदणार घर?" मी बोट दाखवलं. म्हणाल्या, "तितं भात हुतंय बाई. घर हुत न्हाई." मला वाटलं पिकाची जमीन मोडू नये म्हणून सांगतायत. एजंट म्हणाला पाणी काठाच्या वर कधी येत नाही. दोघांचं दोन्ही लिहून ठेवलंय.

४ फेब्रुवारी

आमच्यात कुणाच्या नावावर शेतीचा एक गुंठा नाही. सासर वडगावचं, विणकर, मामंजींचा सगळा जन्म मागावर गेला, माहेर शहापूरचं, तिथंही तेच. त्यामुळं आम्हाला जमीन घेता येते का हाच पहिला प्रश्न होता. पूर्वी कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेणं फार अवघड, १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात ७९अ आणि ७९ब ही कलमं आडवी यायची. २०२० च्या दुरुस्तीत ती काढून टाकली म्हणून आज आम्ही उभे आहोत. तेव्हा शेतकरी संघटनांनी विरोध केला होता, शहरातला पैसा गावात आला की जमिनी जातात म्हणून, आणि ती भीती खरीच आहे असं मला वाटतं. म्हणून आम्ही दोघांनी आज ठरवलं की खाचर पडीक ठेवायचं नाही. घर कुठेही होऊ दे, भात लागलाच पाहिजे.

विसार ५०,००० दिला. पावती घेतली.

२१ फेब्रुवारी

उतारा काढला. इथं त्याला आरटीसी म्हणायचं, गावात पहाणी म्हणतात, ऑनलाइन मिळतो पण सगळा कन्नडमधून. मी मराठी शाळेची बाई, कन्नड बोलते बाजारापुरतं आणि वाचते ते अक्षर लावून लावून. रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पसरला आणि माझी पहिलीची पोरं करतात तसं एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. नववा रकाना मालकाचं नाव, दहावा जमीन त्याच्याकडे कशी आली, अकरावा इतर हक्क आणि ऋण. ऋण हा शब्द लागला आणि मी थांबलेच, तोच शब्द, दोन्हीकडे तोच. त्याच्यापुढे पीककर्जाचा बोजा होता. मालक म्हणतो कर्ज कधीच फिटलंय, असेल, पण उताऱ्यावर आहे तोवर आमच्यासाठी ते आहेच, कमी करून आणा मग पुढचं बोलू असं सांगितलं.

आणि दुसरी गोष्ट, ती मला दोनदा वाचायला लागली. एकूण क्षेत्र २४ गुंठे, त्यात ३ गुंठे ब-खराब. खराबाचे दोन प्रकार असतात, अ म्हणजे पिकाला न चालणारी, खडकाची वगैरे, आणि ब म्हणजे सार्वजनिक, रस्ता, नाला, ओढा असलं. म्हणजे काठाची ती पट्टी, जिथं हे पाय सोडून बसले होते, ती आमची होणारच नाही, ती ओढ्याची आहे. कागदाने जानेवारीतच सांगितलं असतं, आम्ही वाचला नव्हता एवढंच.

भाव ५०,००० गुंठा ठरला होता, आता २१ गुंठ्यांचेच पैसे देणार म्हणालो. एजंट आठ दिवस रुसला, मग मानला. १०,५०,०००.

वकीलसाहेबांनी अजून तीन गोष्टी तपासायला घेतल्यात. जमीन सरकारने कुणा अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली नाही ना, कारण १९७८ च्या कायद्यानं परवानगीशिवाय तसली विक्री रद्दच होते, कितीही वर्षांनी. कूळ कुणी नाही ना. आणि जंगलाची हद्द किती लांब, कारण भीमगड अभयारण्य ह्याच भागात आहे. हिस्सा आमचा आधीच वेगळा फोडलेला आहे म्हणून ११ई, म्हणजे तुकडा फोडून दाखवणारा मोजणीचा नकाशा, लागणार नाही, पण एका नंबरातला तुकडा घेणाऱ्यानं त्याच्याशिवाय पुढं जाऊ नये.

१७ मार्च

गोव्याला नणंदेकडे गेलो होतो, ती दिवाड बेटावर राहते. मांडवीच्या मधलं बेट, जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीनं जायचं. एरवी मी तिथं जाते ती जेवायला आणि गप्पांना, ह्या वेळेला घरंच बघत सुटले. जुनी घरं सगळी चढावर, पिएदादच्या टेकडीच्या अंगानं, जोतं कमरेएवढं, पायऱ्या चढून आत जायचं. खालची सखल जमीन पूर्ण भाताला सोडलेली, बांध घालून. कुणीही खाली घर बांधलेलं नाही. वन्स म्हणाली, फेरी बंद झाली की आपण आपल्या घरातलं खायचं, म्हणून इथं प्रत्येकीच्या घरात तांदूळ, गॅस आणि औषधं महिन्याची जास्तच असतात.

यांना म्हणलं, आपलं गाव पण असंच आहे की, घरं वर आणि भात खाली. हे म्हणाले आपला ओढा म्हणजे मांडवी नाही. खरं आहे, पण माझ्या डोक्यात मामींचं वाक्य परत फिरायला लागलं.

९ मे

परवा ७ तारखेला मतदान झालं, माझी ड्युटी होती म्हणून दोन दिवस काही बघता आलं नाही. बेळगाव वेगळं आणि खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात, त्यामुळं ह्या जागेमुळं आम्ही दोन खासदारांचे झालो. मोजणीची माणसं पण निवडणुकीच्या कामात अडकल्यामुळं हद्दबस्त लांबली होती, ती आज झाली. चार कोपऱ्यांना दगड बसवले. शेजारचे मामा स्वतः उभे राहिले, सर्वेअरनं एक दगड बांधाच्या आत धरला तर मामांनी न चिडता जुनी खूण दाखवली, मातीखाली कोळसा पुरलेला निघाला, त्यांच्या आजोबांनी घातलेला. कोळसा कुजत नाही म्हणून घालत.

२७ मे

खरेदी झाली. मुद्रांक ५ टक्के, त्याच्यावर सेस आणि सरचार्ज, नोंदणीचा १ टक्का, सगळं मिळून साडेसहा टक्क्यांच्या वर गेलं. दोघांच्या नावावर घेतली. सही करताना यांचा हात थरथरत होता, माझाही.

९ जून

मिरग लागला. आज बांबूच्या चार काठ्या रोवून आलो. प्रत्येक फुटाला लाल-पांढरा ऑइल पेंटचा पट्टा, वर नंबर. काठी १ ओढ्याच्या काठाला, काठी २ जिथं घराचं दार यायचं ठरलंय तिथं खाचराच्या वरच्या कोपऱ्यात, काठी ३ माळ सुरू होतो तिथं आणि काठी ४ फणसाजवळ. कल्पना यांची, कारखान्यात मोजल्याशिवाय काही मानत नाहीत. ह्या पावसात बांधकाम नाही, फक्त बघायचं.

खाचर मामांना वाट्यानं दिलं, इंद्रायणी लावणार आहेत.

२३ जुलै

हे सविस्तर लिहायलाच पाहिजे.

शनिवारी दुपारी एकटीच गेले होते, काठ्या बघून संध्याकाळच्या आत परत यायचं म्हणून. फरशी ओलांडली तेव्हा पाणी फरशीच्या एक वीत खाली होतं. चहा घेऊन परत निघाले तर मामा म्हणाले, "बाई, आता न्हाई." बघितलं तर फरशी नाहीच. पाणी तांबडं, जाड, त्यातनं अख्खं झाड आडवं चाललंय. बेळगावला पाऊस पडतो, वर्षाला १,३०० मिलिमीटर काय तो, पण हा तसला पाऊसच नव्हे, ह्याला थेंब नसतात. आभाळ आणि जमीन ह्यांच्यामध्ये एकच पाणी. कलेक्टरनी शाळांना सुट्टी दिल्याचं मला सोमवारी कळलं, कारण गावात फोनला रेंज फक्त देवळामागच्या एका दगडावर मिळते आणि तिथं जाणं शक्य नव्हतं.

तीन रात्री मामींच्या घरी होते. घर मातीचं आणि चिऱ्याचं, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरनं गवताचे तट्टे बांधलेले, कारण पाऊस तिकडनं भिंतीवर मारतो. घराची ती बाजू बंद, एक खिडकी नाही. त्या बाजूच्या पडवीत लाकडं छातीएवढी रचलेली. चुलीवर वरती शिंकाळ्यात मीठ-मिरची आणि सुकी मासळी, धुरानं कोरडी राहतात. लाइट पहिल्याच रात्री गेली, झाड पडलं असणार, कुणी तक्रार केली नाही, कंदील आधीच पुसून ठेवलेला होता. मामींनी रविवारी अळंबी आणली, वारुळाजवळ उगवलेली, कांद्यात परतून तांदळाच्या भाकरीबरोबर दिली. मी म्हणलं मामी तुमचं साठवणीचं मी खाऊन संपवणार, तर म्हणाल्या, "चार म्हैने आमी बेटावरच असतोय बाई. बेटावर आलेल्याला कोन मोजत न्हाई."

बेट हा शब्द त्यांचा. मी तोपर्यंत तसा विचार केला नव्हता.

पलीकडच्या वाडीतल्या एका म्हातारीला गेल्या वर्षी कांबळ्याची झोळी करून चार माणसांनी खांद्यावरनं रस्त्याला आणलं होतं ते मामांनी सांगितलं. तीन तास लागले. वाचली.

सोमवारी पाऊस जरा हलका झाला तेव्हा मामांचं इरलं घेऊन काठ्यांपर्यंत गेले. काठी १ नाहीच, वाहून गेली. काठी २ वर चिखलाची खूण ४ फूट २ इंचांवर. चिखल अजून ओला होता, पट्ट्यावर गवताची काडी चिकटलेली, मी बोटानं ती काडी काढली आणि तिथंच उभी राहिले. माझ्या छातीएवढं पाणी. माझ्या पडवीत. काठी ३ ला पाच इंच. काठी ४ च्या बुडात फक्त फणसाची पानं.

भात मात्र पाण्यातनं तसंच हिरवं वर आलं होतं.

४ ऑगस्ट

घर काठी ४ ला. ओढा तिथून दिसत नाही, ऐकू येतो. यांनी एकदाही वाद घातला नाही, मीच दोन दिवस जेवले नाही धड. आराखडा लहान केला, ३४ बाय २८ फूट, एक सोपा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पश्चिमेला लाकडांची पडवी, ओढ्याकडची पडवी रद्द. वर माळावर जांभा लगेच लागतो म्हणून पाया कमी खोल जाणार, तेवढा खर्च वाचेल.

पेपरात आलंय, ३१ जुलैला केंद्रानं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा परत काढला. खानापूर तालुक्यातली बरीच गावं त्यात आहेत. गावात घबराट झाली, घरसुद्धा बांधता येणार नाही म्हणून. वकीलसाहेबांकडून समजून घेतलं, मसुद्यात खाणी, दगडखाणी, वाळूउपसा आणि २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं ह्यांच्यावर बंदी आहे, आमच्यासारख्या साध्या घरावर नाही. मामांना जाऊन तेच सांगितलं. मला तर वाटतं डोंगर खणायचे थांबले तर ह्या गावाचं भलंच आहे.

१३ ऑक्टोबर

घराच्या ५ गुंठ्यांसाठी एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा, अर्ज टाकला, जमीन महसूल कायद्याचं ९५ वं कलम. बाकीची जमीन शेतीच राहणार. एनए झाल्यावर पंचायतीच्या मालमत्तांच्या ऑनलाइन दप्तराला, ई-स्वत्तुला, नोंद, फॉर्म नऊ आणि अकरा, मग बांधकामाचं लायसन्स. कागद पळवण्यातच ही दिवाळी जाणार.

८ डिसेंबर

ऑर्डर आली गेल्या आठवड्यात. चिरे ठरवायला खाणीवर गेलो. वीट घ्यावी का चिरा ह्यावर बराच विचार झाला, खानापूरची वीट म्हणजे नाव आहे, भट्ट्या जवळ, वाहतूक स्वस्त. पण गौंडीमामा म्हणाले इथल्या पावसाला चिरा बरा, आणि तो ह्याच मातीतला. खाणीतनं काढला की चिरा जरा मऊ असतो, हवा लागेल तसा कडक होतो, म्हणून आज कापला उद्या बांधला असं करायचं नाही. गौंडीमामा चिऱ्यावर करणीच्या मुठीनं ठोकून बघतात, खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर बाजूला. तांबडा एकसारखा हवा, पिवळ्या मातीचे डाग असलेला नको, तिथनं पाणी धरतो. एका तासानंतर मलाही आवाजातला फरक कळायला लागला. २,७०० चिरे, तीन खेपांत. फणसाखाली रचून दीड महिना तसेच सोडणार.

१९ जानेवारी २०२५

लाइनआउट, म्हणजे पायाची आखणी. आधी गावच्या देवाला नारळ दिला, मामांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात आमच्या दोघांचं नाव घेऊन "ही गावची मानसं" असं म्हणाले. मला पुढचं ऐकू आलं नाही.

तीन फुटांवर कडक मुरूम लागला. वाळवीचं औषध पायाच्या चरात मारलं, जांभ्याच्या जमिनीत ते न करून चालत नाही. जोतं ३ फूट. गौंडीमामा म्हणाले इथं वर पाणी येत नाही, दीड फूट बास झालं. तीनच ठेवलं.

१६ फेब्रुवारी

विहीर. हे लोकांना खरं वाटत नाही, एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात. जांभा चाळणीसारखा आहे, पाणी आत घेतो आणि तेवढ्याच वेगानं खाली ओढ्याला सोडून देतो. म्हणून विहीर माळावर न घेता काठी ३ च्या खाली घेतली, २८ फुटांवर झरा लागला. बाहेरनं चार फुटांचा कठडा बांधला, म्हणजे पुराचं पाणी आत जाणार नाही. शौचाची टाकी घराच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीपासून जितकी लांब नेता आली तितकी.

पाणी पहिल्यांदा वर काढलं ते मामींना प्यायला दिलं.

२३ मार्च

भिंती लिंटेलपर्यंत. पश्चिमेच्या भिंतीवर आज खूप बोलणं झालं. इंजिनिअरच्या नकाशात तिकडे मोठी खिडकी आहे, सूर्यास्तासाठी. मी म्हणलं खिडकी काढा. तो म्हणाला मॅडम व्ह्यू जाईल. मी त्याला मामींच्या घराकडे घेऊन गेले, तट्टे दाखवले, भिंतीवरची गेल्या पावसाची हिरवी रेघ दाखवली, अजून वाळलेली नाही मार्चमध्ये. खिडकी निघाली. बाहेरनं प्लास्टर नाही, चिरा उघडा आणि सांधे नीट भरून पॉइंटिंग.

स्लॅब नाही हे आधीच ठरलंय. ह्या भागात ज्यांनी स्लॅब घातला त्यांनी चार वर्षांत त्याच्यावर पत्रा घातला, मी मोजलं, रस्त्याला आठ घरं तशी आहेत.

१२ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली, मी आता इथंच मुक्कामाला. छताचा सांगाडा हे स्वतः करतायत. सागाचा भाव परवडणारा नाही आणि वाळवी आहेच, म्हणून जीआय पाइप, कारखान्यातनं दोन पोरं रविवारी मदतीला येतात. उतार तीस अंशांच्या वर, वळचण तीन फूट बाहेर. भट्टीवरनं दहा कौलं आधी आणून जमिनीवर एकात एक अडकवून मापं घेतली, पट्ट्यांतलं अंतर साडेबारा इंच आलं. बाजारातल्या तयार मापावर विसंबू नका, प्रत्येक भट्टीचं कौल थोडं वेगळं निघतं, अर्धा इंच चुकला की शेवटच्या ओळीला कौल लटकतंच नाही.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. आजच्या दिवशी घरात जायचं होतं. कौलं आलेलीच नाहीत. नुसत्या सांगाड्याखाली बसून पुरणपोळी खाल्ली, वर आभाळ.

११ मे

कौलं आली, २,३०० सांगितलेली, उतरवताना २८० फुटलेली निघाली. गाडीवाला म्हणाला रस्त्यामुळं, भट्टीवाला म्हणाला गाडीवाल्यामुळं. भरपाई कुणीच देईना. खूप मनस्ताप झाला, कारण प्रश्न पैशाचा नाही, वेळेचा आहे. तरी मनात हिशेब हाच की मिरगाला अजून चार आठवडे आहेत.

२२ मे

मिरग नाही, रोहिणीसुद्धा नाही आणि पाऊस लागला. मंगळवारपासून. वळवाचा गडगडाट करून जाणारा नव्हे, सरळ धरलेला. पूर्वेचा उतार पूर्ण झालाय, पश्चिमेचा निम्मा उघडा. सिमेंटची २२ पोती आत. रात्री साडेअकराला ताडपत्री उडाली. मी, हे, गौंडीमामांचा मुलगा, आणि हाक न मारता आलेले मामा, चौघांनी अंधारात बॅटरी दातात धरून ताडपत्री परत बांधली. पोती मामींच्या सोप्यात नेली, सोळा वाचली, सहा दगड झाली.

सकाळी मामींनी फुटलेली कौलं बघितली आणि गावात गेल्या. तासाभरानं सहा बायका आल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पाच-दहा कौलं. प्रत्येक घरात माकडांनी फोडली तर लागतील म्हणून जास्तीची ठेवलेली असतात. खेपा घालत एकूण १४६ झाली. रंग वेगळा, काही काळी पडलेली, एकावर शेवाळ. सगळी पश्चिमेला लावली.

२६ मे

पाऊस थांबत नाही. केरळात २४ लाच आला, २००९ नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि आज मुंबईत पोचला म्हणे. आमचं शेवटचं कौल आज दुपारी बसलं. आढ्यावरची सिमेंटनं भरून घेतली, वाऱ्याच्या कडेच्या दोन ओळी तारेनं बांधल्या. आत फरशी नाही, दारं नाहीत, लाइट नाही. पण कोरडं आहे. २९ ला शाळा, उद्या निघायला पाहिजे, ओढ्यावरची फरशी बुडायच्या आत.

१५ जून

दारं बसली. कोटा फरशी दोन खोल्यांत झाली, बाकी दिवाळीनंतर. सोलरचं एक पॅनल आणि बॅटरी, त्याच्यावर चार दिवे चालतात. बेगमी भरली: तांदूळ ४० किलो, डाळ, तेल, मीठ, दोन सिलिंडर, मेणबत्त्या, यांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, ओआरएस, सापासाठी गमबूट. पश्चिमेला तट्टे बांधले, मामांनी शिकवले, गवत खालनं वर रचत जायचं, कौलासारखं. ज्या सहा घरांनी कौलं दिली त्यांची नवी भट्टीवरनं आणून परत केली, मामींनी मात्र आमची पाच ठेवून बाकीची आमच्याच पडवीत रचून ठेवायला लावली, "तुमच्याकडं पन असूदेत, कुनाला लागतील."

२० जुलै

शुक्रवारी संध्याकाळी आलो ते अजून इथंच. ओढ्यावरची फरशी कालपासून पाण्याखाली. पोरगा बेळगावात मामंजींजवळ आहे, देवळामागच्या दगडावरनं त्याला फोन करून आले, सगळं ठीक.

रात्री पश्चिमेकडनं मारा सुरू झाला तसे आम्ही दोघं उठून बॅटरीनं एकेक कोपरा बघितला. दोन ठिकाणी गळतंय, एक आढ्याजवळ आणि एक शेवाळलेलं कौल आणि नवीन कौल जिथं मिळतं तिथं, माप किंचित वेगळं आहे म्हणून. खाली पातेलं ठेवलं. उघडीप मिळाली की ते कौल बदलायचं, पण ते दुसरीकडे लावायचं, टाकायचं नाही.

आज सकाळी काठ्या बघितल्या. काठी २ ला ३ फूट ४ इंच. विहिरीचा कठडा पाण्याच्या वर. खाचरात लावणीचं भात पाण्याखाली, मामा म्हणतात दोन दिवसांत उतरलं तर काही होत नाही. गव्यांचे खूर फणसापर्यंत आलेत, रात्री कधीतरी येऊन गेले असणार, आवाज पावसात कळला नाही.

मामी आत्ता अळंबी घेऊन आल्यात. चूल पेटवते.